कान लावून काढलेला फोटो

न्हाव्याच्या दुकानावरच्या माडीत तिचा स्टुडिओ होता. पाटीवर तिचं खरं नाव होतं, पण पोरं तिला चुटकी मावशीच म्हणायची. दोन्ही हातांनी ती अशा काही चुटक्या वाजवायची, की भोकाड पसरलेलं पोरही रडायचं विसरून बघत राही, आणि तेवढ्यात मावशीचा कॅमेरा आपलं काम उरकून घेई. ‘नीट बस’, ‘हस बघू’ असलं काही तिच्याकडे चालत नसे. पोरांनी सतरंजीवर लोळावं, टोपलीत शिरावं, एकमेकांना उशा हाणाव्यात, आणि मावशीने जमिनीवर पालथं पडून ते सगळं टिपावं, अशी तिथली रीत.

एका दुपारी एक बाई पाच वर्षांच्या लेकीला आणि सासऱ्यांना घेऊन आली. लेकीचे केस दोन्ही बाजूंनी पुढे ओढून क्लिपा लावून चापूनचोपून बसवलेले. सासरे उंच, ताठ. त्यांचा उभा जन्म छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे साधं बोलणंही पलीकडच्या इमारतीला ऐकू जाईल अशा बेताने बोलत.

“हिच्या बापाला पाठवायचाय फोटो!” ते गरजले. “बोटीवर असतो तो! आमची भिंगरी कशी बागडते ते दिसलं पाहिजे त्याला!”

पण भिंगरी काही फिरेना. सतरंजीच्या मधोमध ती खांबासारखी उभी राहिली. मावशीने चुटक्या वाजवल्या. पोरगी ढिम्म. मावशी मांजर झाली, मग कोंबडा झाली, मग दोघांचं भांडणही करून दाखवलं. खालून न्हावी ओरडला, “मावशी, वर काय बाजार भरवलाय की काय?” भिंगरीने मावशीकडे एकदा कीव केल्यासारखं पाहिलं आणि पुन्हा आईच्या पर्सकडे नजर लावली.

हट्टी पोरं मावशीने पुष्कळ पाहिली होती. ही जरा जास्तच मानी दिसते, असं म्हणत ती खुळखुळा घेऊन हळूच भिंगरीच्या मागे गेली आणि अगदी कानाशी वाजवला. पोरीने मानसुद्धा वळवली नाही.

मावशी थबकली. आईशेजारी जाऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “ताई, हिला ऐकू येतं ना?”

आईचा चेहरा उतरला. “मशीनं आहेत तिला, दोन्ही कानांना. फोटोपुरती काढून ठेवलीत.” मग जरा थांबून म्हणाली, “तो बोटीवर गेला तेव्हा आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आता फोनवर मशीनचा विषय काढला, की गप्पच होतो. म्हटलं, फोटोत तरी त्याला आधीचीच पोरगी दिसू दे.”

घरोघरची दुखणी मावशीच्या कॅमेऱ्यासमोर बसून जात, पण त्यावर शहाणपण शिकवायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने एवढंच विचारलं, “मशीनांशिवाय हिला करमतं का?”

आईने पर्समधून छोटी डबी काढली. डबी दिसायचा अवकाश, भिंगरी धावत आली. “माझे कान दे!”

आईने मशीनं बसवली. भिंगरीने दोन्ही हातांनी केस मागे सारले, दोन क्लिपा उडाल्या, आणि तिने मावशीला हुकूम सोडला, “आता मांजर कर.”

मग काय विचारता! मावशीने पडद्यामागून चुटकी वाजवावी आणि भिंगरीने झेप घालून तिला पकडावं. टोपली उलटली, उशीतला कापूस बाहेर आला, आणि कॅमेरा थांबायचं नाव घेईना. एकाएकी भिंगरी मध्येच थांबली. फळ्यांच्या जमिनीवर तिने कान टेकला, पाठ वर, डोळे विस्फारलेले, आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्या मोठ्या माणसांना गप्प केलं.

“खाली गाणं लागलंय,” ती कुजबुजली.

न्हाव्याचा रेडिओ होता तो. मावशीने श्वास रोखून तो क्षण टिपला.

आईने कॅमेऱ्यात फोटो पाहिला. आधी हसली, मग बोटाने पोरीच्या कानावर खूण करत म्हणाली, “हे पुसता येईल?”

“येईल की. पण मग ती जमिनीला कान लावून काय करतेय, ते कळायचं नाही.”

आई फोटोकडे बघत राहिली. तिकडे भिंगरीने आजोबांचा हात ओढला होता. “आबा, ऐका ना!”

“ऐकतोय की!”

“काय वाजतंय?”

आबांनी विचार केला. “आगगाडी!”

“आबा, तुमचे कान खिशात आहेत. लावा.”

आबांचं बिंग फुटलं. “ते म्हाताऱ्यांसाठी असतं गं!”

“मग मी म्हातारी आहे?”

आबांनी निमूटपणे खिशातून मशीन काढलं आणि बराच वेळ चाचपडत कानामागे बसवलं. “पण मला तर—” असं म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. सुनेकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, “एवढ्या मोठ्याने बोलतो होय मी? सांगायचं नाहीस?”

“रोज सांगते, आबा,” सून म्हणाली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग आबांची ती ताठ उंची गुडघ्यांवर आली, जमिनीवर आडवी झाली, आणि आजोबा आणि नात नाकाला नाक लावून रेडिओ ऐकत पडले. दोघांच्या कानांमागची मशीनं स्पष्ट दिसत होती. मावशी तिसरी पालथी पडली, कॅमेऱ्यासकट.

“जमिनीला कान लावलेले दोन्ही फोटो असेच द्या,” निघताना आई म्हणाली. “काही पुसू नका.”

पुढच्या आठवड्यात ती मोठी प्रत न्यायला आली. मावशीने विचारलं, “बोटीवरून काही कळलं?”

“फोटो पाहिल्यावर त्याने फोन केला. माझा जीव टांगणीला. त्याने विचारलं, ही दोघं काय ऐकतायत? मी सांगितलं, न्हाव्याचा रेडिओ. मग विचारलं, तिला टोचत नाही ना ते? रात्री काढता का? सेल किती पुरतो? मशीनबद्दल एवढं तो आजवर कधी बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, तिच्याकडे दे फोन. आणि ओरडून ओरडून बोटीवरच्या गमती सांगायला लागला.”

“आणि आबा?”

“आबांनी फोन हिसकावला. म्हणाले, जरा हळू बोल, आम्हाला ऐकू येतं!”