पाहुण्यांपासून दडवलेली दुरडी

मी भाकरीची दुरडी. चारचौघांत बोलण्याचा मला सराव नाही. टेंभुर्णीच्या ज्या घरात माझे आयुष्य गेले, तिथे पाहुण्याची चाहूल लागताच मला पिठाच्या डब्यामागे सारतात.

परतूरच्या बाजारात एका बुरुडाने मला विणले. गोपिकाबाईंनी पारखून घेतले, तळाशी धुवट फडके अंथरले. तव्यावरची भाकरी मात्र थेट ताटात जाई. माझ्या वाट्याला येई ती उरलेली. सकाळी घरच्यांनीच ती मुकाट्याने खावी, असा दंडक होता.

मग सून आली, वर्षाराणी. ती जालन्याला आहारशास्त्र शिकते. एकाच ज्वारीची भाकरी, ताजी आणि रात्रभर ठेवलेली, निरोगी माणसांच्या रक्तातील साखर सारखीच वाढवते का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. थंडावल्यावर भाकरीतील काही पिष्ट घट्ट होते, ते सावकाश पचते, असे तिने वाचले होते. ते तिला पडताळून पाहायचे होते. शेजारचे धडधाकट लोक तिने बोलावले. एके दिवशी गरम भाकरी, दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीची, तितक्याच वजनाची.

त्या दुसऱ्या पहाटे गोपिकाबाईंनी माझ्यातील भाकरी उचलून म्हशीपुढे टाकल्या. नव्या थापल्या, पदराने वारा घालून निवविल्या आणि माझ्यात रचल्या. माझ्या बुडाला वाफ लागली. मी लाजेने ओली झाले. पण मला वाचा कुठे होती?

मंडळी जेवली. वर्षाराणी बोटांना सुई टोचून साखर मोजत राहिली. दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखेच निघाले. तिचा चेहरा उतरला. "फरक न्हाईच मंग. सोमवारी कॉलेजातल्या बाईंपुढं हेच ठेवते."

शेजारचा भुजंग हसला. "काकू, तुमच्या घरी शिळी भाकर बी लुसलुशीत असती व्हय? आमच्याकडं तर दात हलतेत."

सगळे हसले. गोपिकाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. वर्षाराणीने माझ्यात हात घातला. फडके ओलसर होते.

"आत्याबाई?"

"माणसं जेवायला बसवून पानात शिळं वाढू?" गोपिकाबाई भिंतीकडे तोंड करून बोलल्या. "माझ्या हातानं न्हाई होत ते, बाई. गावभर नाव खराब होतंय."

"अन् मी हे तसंच लिहून टाकलं असतं तर?"

 भुजंग आपले टोचलेले बोट दाबीत राहिला.

पुढच्या आठवड्यात मंडळी पुन्हा जमली. आदल्या रात्री भाकरी माझ्यातच निजल्या होत्या. सकाळी गोपिकाबाईंनी मला स्वतः बाहेर आणले आणि पंगतीच्या मधोमध ठेवले. वाढताना त्यांची नजर वर उठली नाही. प्रत्येक पानापाशी त्या हलकेच सांगत होत्या, "कालची हाय, बरं का. सांगून वाढते."

या खेपेस साखर थोडी सावकाश चढली. सर्वांची नाही, पण बऱ्याच जणांची. वर्षाराणीने जसे दिसले तसेच लिहिले.

आजही दारात चप्पल वाजली की गोपिकाबाईंचा हात माझ्याकडे येतो. मग मध्येच थांबतो. त्या थबकलेल्या हाताला माझी एवढीच विनंती: मला मिरवू नका, बाई, फक्त माझ्यात जे आहे, ते झाकू नका.