जिन्बेई सुताराकडची काळी काडी

मी एक जुनी काळी काडी आहे, तुमच्या करंगळीएवढी. मित्रांनो, मला चुलीतली समजू नका. मी गणितातली आहे. आम्हा भावंडांना बांबूतून कापलं, घासलं आणि निम्म्यांना लाल, निम्म्यांना काळा रंग दिला. लाल म्हणजे 'आहे', काळी म्हणजे 'कमी आहे'. त्यामुळे मला बघून कोणाचा चेहरा खुलल्याचं आठवत नाही.

डोंगरातल्या आमच्या गावात जिन्बेई सुतार राहायचा. तो नुसत्या नजरेनं माप घेतो अशी ख्याती होती, आणि ती त्यानंच पसरवली होती. काड्या मात्र त्याच्या लेकीच्या, किनुच्या. एक फिरते गुरुजी बर्फामुळे महिनाभर त्यांच्याकडे अडकले, तेव्हा तिला गणित शिकवून आम्हाला देऊन गेले.

एकदा देवस्थानातला जुना देवदार वीज पडून कोसळला. त्यातून एकच धड फळी निघाली, सेहेचाळीस बोटं लांब. पुजारी म्हणाले, हिच्या चार बाजू करून देवाच्या आरशाची पेटी कर. रुंदी लांबीपेक्षा तीन बोटं कमी हवी, आणि देवाचं लाकूड आहे, तुकडा उरता कामा नये. जमत नसेल तर खालच्या गावचा सुतार मोकळाच आहे. हे शेवटचं ते फार प्रेमानं म्हणाले. देवस्थानचं काम जिन्बेईच्या घराण्याकडे पाच पिढ्या होतं.

दोन दिवस जिन्बेई फळीकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं लेकीकडे काड्या मागितल्या, मीठ मागावं तशा.

किनुनं रेघांनी घरं आखलेलं कापड अंथरलं. दोन लांब्या, दोन रुंद्या. म्हणजे चार लांब्या आणि त्यात सहा कमी. डावीकडे लांबीच्या घरात चार लाल काड्या, शेजारच्या घरात काळे सहा: पाचांसाठी मी आडवी, माझ्याखाली एक बहीण उभी. उजवीकडे लाल सेहेचाळीस. जे सापडलेलंच नाही त्याला आधी पाट मांडून बसवायचं आणि मग त्याची ओळख विचारायची, ही युक्ती ज्याला सुचली त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

किनु चहा आणायला उठली. जिन्बेईनं आम्हा दोघी काळ्यांना उचलून तसंच उजवीकडे ठेवलं. सेहेचाळीसातून सहा गेले, चाळीस. चौथा हिस्सा दहा. खूण केली, करवत लावली.

"थांबा बाबा. दहा कुठून आले?"

"कापडावरून. तुझ्याच काड्या आहेत."

"लांबी दहा, तर रुंदी सात. दोन्हींची दुप्पट मिळून चौतीस. उरलेली बारा बोटं देव खाणार का?"

करवत थांबली. काड्या दमट असतील, असं जिन्बेई म्हणाला.

किनु हसली नाही. तिचं मला हेच आवडायचं. तिनं आम्हाला पुन्हा डावीकडे बसवलं आणि हळूच समजावलं, की इथे सहा कमी आहेत ते भरून काढायचे, पण एकीकडे भरलं की दुसरीकडेही तेवढंच भरायचं. दोन्हीकडे लाल सहा ठेवले. डावीकडे काळ्या-लालची फिटंफाट झाली आणि मी पिशवीत गेले. उजवीकडे झाले बावन्न. चौथा हिस्सा तेरा. रुंदी दहा. सव्वीस आणि वीस, सेहेचाळीस. मगच तिनं बापाला करवत दिली.

पेटी नेमकी जुळली. भुसा उरला, पण पुजाऱ्यांनी तिकडे काणाडोळा केला. "तुझी नजर म्हणजे नजर, जिन्बेई," ते सगळ्या गावासमोर म्हणाले.

जिन्बेईनं पेटी खाली ठेवली. मग म्हणाला, "माप किनुचं. मी चुकीचं कापणार होतो."

काम त्यांच्याच घरात राहिलं. पुढच्या वर्षापासून माप घ्यायला पुजारी थेट किनुला बोलवायचे.

आता किनुच्या नातवंडांच्या हाती हिशेबाची मण्यांची चौकट आहे आणि मी फडताळात असते. कधी कोणी माझ्यानं हातपंख्याची अडकलेली घडी सोडवतं, तेवढंच फिरणं. तक्रार नाही. मित्रांनो, उत्तर आलं की करवत उचलण्याआधी ते पुन्हा जागेवर ठेवून बघा. आणि माझ्यासारखी काळी काडी हाती आली, तर तिला तशीच पलीकडे नेऊन बसवू नका. तिची भरपाई करा आणि तिला घरी जाऊ द्या.