बिब्बा उतला म्हणून

लटारूच्या हाताला गुण आहे, असं कुरखेड्याकडचं त्याचं गाव म्हणायचं. कुणाचा पाय सुजला की लटारू बिब्बा तापवून डाग द्यायचा आणि माणूस दोन दिवसांत चालू लागायचा. अशा कौतुकानं भलाभला फुगतो, हा तर फुगून ढोल झाला होता.

धानाच्या रोवण्याच्या चिखलात त्याच्या बायकोच्या, कांताच्या, पायात काटा मोडला. संध्याकाळी पोटरी सुजली, त्यानं बिब्बा लावला. सकाळी कातडी काळीनिळी पडून फोड आले. पायाला लुगडं लागलं तरी कांता किंचाळायची. गावची आशा सेविका रोशनी येऊन पाहून गेली. जाताना म्हणाली,

"भाऊ, बाईले शुगर हाय. आजच दवाखान्यात न्या."

"बिब्बा उतला हाय. काळं पडतेच," लटारू म्हणाला.

बिब्बा उतला, म्हणजे अंगावर उठला, की कातडी काळी पडते, हे खरंच. पण बिब्बा लागलाच नव्हता तिथंही काळं चढत होतं, मांडीपर्यंत. त्याला ते दिसत होतं. तरी आणखी दोन दिवस तो खोबरेल चोळत बसला, कारण आपलं औषध चुकलं म्हणायला त्याची जीभ रेटेना.

चौथ्या दिवशी कांता बरळू लागली आणि त्याचं धाबं दणाणलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला.

"आतलं मांस सडलंय. लगेच कापावं लागेल. कधीपासून आहे हे?"

लटारूनं कांताकडे पाहिलं. सलाईननं जराशी भानावर आलेली कांताच बोलली.

"कालपासून, बाई. यायनं लगेच आनलं मले."

"एका दिवसात एवढं?" डॉक्टरीणबाईंनी लटारूकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

त्याच दिवशी पाय मांडीतून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कापावं लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कांता गेली.

"विष रक्तात भिनलं होतं, त्यात शुगर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा आजारात लोक चार-चार दिवस घरी काढतात, काका. तुम्ही तर लगेच आणलंत."

गडचांदूरहून धावत आलेला मेहुणा अजय त्याच्या गळ्यात पडून रडू लागला.

"भाऊजी, तुमच्याकडून काई कसर नाई राह्यली."

लटारूला खरं बोलायचं होतं.

"नाई राह्यली," तो म्हणाला.