तीन शिलाया

सात आठवडे झाले तरी तो जिना काही अंगवळणी पडेना. चष्म्याच्या दुकानाशेजारी अरुंद दार, दोन मजले, चाळीस पायऱ्या, आणि वर पोचल्याचं बक्षीस काय, तर नाश्ता. टेलरबाई रोज तिसाव्या पायरीवर कठड्याला धरून थांबायची आणि मनाशी म्हणायची, लोक पोटासाठी राबतात, आपल्याला पोट भरणं हीच नोकरी लागली आहे.

वरचं केंद्र दिवसापुरतं होतं. अन्नाशी ज्यांचं वाकडं आलं, जी इस्पितळातून सुटली पण ज्यांना ताटापाशी एकटं सोडायची घरच्यांची छाती होत नाही, अशी सहा माणसं तिथे नऊ ते चार बसायची. नाश्ता, जेवण, निघण्याआधीचं खाणं. ताट चाळीस मिनिटांत संपवायचं, मग अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही. टेबलावर वजन, शरीर आणि खाणं यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. उरतं काय? हवामान. त्या टेबलावर उन्हापावसाची जितकी चर्चा झाली तितकी वेधशाळेतही झाली नसेल. बँकेतून निवृत्त झालेल्या मॅनेजरसाहेबांनी एकदा साळसूदपणे विचारलं होतं, "सिस्टर, 'डोकं खाऊ नका' एवढं म्हटलं तर चालेल का?" सिस्टर म्हणाली, "चालेल, पण मग तेही संपवावं लागेल."

ही सिस्टरही तेच ताट घेऊन त्यांच्यात बसायची. साधं माणूस साधं कसं जेवतं हे दाखवण्यासाठी ती अकरा वर्षं दिवसातून तीनदा जेवत आली होती. तिला भूक लागते का, हे तिला कधी कुणी विचारलं नसावं.

टेलरबाई एक्केचाळीसची. बाकीच्या पोरी तिच्या निम्म्या वयाच्या, तिला काकू म्हणायच्या. हा आजार कोवळ्या पोरींचा असतो असं सगळ्यांसारखं तिलाही वाटायचं, आणि म्हणूनच सहा वर्षं तो कुणाच्या लक्षात आला नाही. कापायच्या टेबलावर ती चक्कर येऊन पडली तेव्हा कुठे नवऱ्याचे डोळे उघडले.

वजन सोमवारी आणि शुक्रवारी व्हायचं, तेही काट्याकडे पाठ करून. आकडा सिस्टर लिहायची आणि फाइल मिटायची. पण काट्याकडे पाठ केली तरी कपड्यांकडे कशी करणार? टेलरबाईचे दोन शर्ट आणि दोन पँट हाच तिचा खरा काटा. रोज सकाळी बटण लावताना ती श्वास रोखायची, आणि बटण लागायचं, काल लागलं तसंच. म्हणजे काही बदललेलं नाही. म्हणजे आजच्या दिवस खायला हरकत नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा पँटचं बटण अडलं होतं, पण दोन दिवसांत तेही पुन्हा लागायला लागलं होतं. ही गोष्ट तिने डॉक्टरीणबाईंनाही सांगितली नव्हती. या एका भरवशावर ती ताट संपवत होती.

आणि आज शुक्रवार होता. तीन वाजता डॉक्टरीणबाई तिच्याशी बसणार होत्या. आठवड्याची सगळी ताटं पुरी झाली तर सोमवारपासून अर्धा दिवस कामावर जायची परवानगी, असं ठरलं होतं. ती शिवायची त्या दुकानाच्या मालकाने निरोप पाठवला होता की सोमवारी आली नाहीस तर तुझ्या मशीनवर दुसरी बाई बसेल, मी आणखी थांबू शकत नाही. एकोणीस वर्षांचं मशीन. पायाखाली त्याची थरथर नसली की दिवस कसा ढकलायचा हे तिला कळतच नव्हतं. त्या भेटीआधी एकच ताट उरलं होतं, दुपारचं.

अकराच्या सुमाराला सगळे खिडकीपाशी उभे होते. सगळे जिला एक्स्प्रेस म्हणत त्या पोरीने वाट द्यायला सांगितलं. ही सतरा वर्षांची पोर शाळेच्या संघातून धावायची, आता बसल्या जागी टेबलाखाली पाय हलवत धावायची. टेलरबाई बाजूला सरकली आणि खिडकीची कडी तिच्या शर्टात अडकली. काखेखालची शिलाई वीतभर टरकन उसवली.

"सॉरी काकू."

"कडीने म्हणायला पाहिजे ते. सिस्टर, सुईदोरा आहे?"

सुई तिथे कुलपात असायची. सिस्टरने ती काढून दिली, स्वतःचा स्वेटर तिला घालायला दिला आणि नियमाप्रमाणे समोर बसून राहिली. टेलरबाईने शर्ट उलटा केला.

शिलाई काढली की कापडावर सुईच्या भोकांची ओळ मागे राहते. सामान्य माणसाला ती दिसत नाही, शिंप्याला वाचता येते. टेलरबाईला दोन ओळी दिसल्या. आतली तिची स्वतःची, तीन वर्षांपूर्वीची. दुसरी बाहेर, बोटभर अंतरावर. आणि आज उसवलेली तिसरी शिलाई कापडाच्या थेट काठाशी, त्यापुढे सोडायला धागाभरही कापड नव्हतं. दुसऱ्या बाजूलाही तेच. शर्ट दोनदा मोठा केला होता.

कुणी, हे विचारावं लागलं नाही. शेवटाला तीन उलटे टाके आणि दोऱ्याचं टोक आत ओढून घेतलेलं. असं एकच माणूस शिवायचं, दुकानातले कटिंग मास्तर. तिला सुई धरायला त्यांनीच शिकवलं होतं. आणि कपडे त्यांच्यापर्यंत पोचवणारा कोण, हेही उघड होतं. ती आजारी पडल्यापासून धुणं आणि इस्त्री नवऱ्याने अंगावर घेतली होती. तो बिचारा किती करतो, असं ती शेजारणीला कौतुकाने सांगायची.

तिला संताप आला. पण संतापापेक्षा भीती जास्त वाटली, आणि ती भीती आठवड्याभराची नव्हती, सातही आठवड्यांची एकदम होती. बटण रोज लागत होतं आणि ती रोज बदलत होती.

"काय गं?" सिस्टरने विचारलं.

"काही नाही. दोरा जुना झाला होता."

हात आपलं काम करत राहिले. वीतभर शिलाई तिने पाच मिनिटांत घातली, शर्ट अंगात घातला, आणि तो अंगाला कुठेकुठे लागतो हे तिला दिवसभर कळत राहिलं.

साडेबाराला ताटं आली. भात, भाजी, अंडं, पाव, वाटीत दही. टेलरबाईने चमचा उचललाच नाही.

त्या टेबलाची एक खोड होती. एकाचा चमचा थांबला की बाकीच्यांचे जड व्हायचे. दहा मिनिटांत ती खोड दिसायला लागली. मॅनेजरसाहेबांनी संध्याकाळी ढग येतील असं सांगून पाहिलं. एक्स्प्रेसने पाव खाली ठेवला.

सिस्टर टेलरबाईला बाहेर घेऊन गेली. "सांगायचं तर सांग. नाहीतर नुसती उभी राहा दोन मिनिटं."

"नवऱ्याला फोन करायचाय."

जेवण चालू असताना फोन करायचा नाही असा नियम होता. सिस्टरने तिच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला.

नवरा बस डेपोत कारकून. मागे गाड्यांची घरघर चालली होती.

"शर्ट किती वेळा दिलास मास्तरांकडे?" तिने विचारलं.

"दोनदा," तो म्हणाला. "पँटपण."

"का?"

"दुसऱ्या आठवड्यात पँटचं बटण लागलं नव्हतं, आठवतंय? तू शनिवार-रविवार पाण्यावर काढलेस. मला वाटलं, आता ही परत इस्पितळात जाणार. मला दुसरं काही सुचलं नाही गं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होतो?" त्याचा आवाज थकलेला होता. "मास्तरांना म्हटलं, तिला कळेल. ते म्हणाले, कळायला हवं होतं, एरवी माझा टाका तिच्या नजरेतून सुटला नसता. सध्या तिला दिसतच नाहीये."

टेलरबाईने फोन ठेवला. खरंच होतं ते. रोज अंगावर घातलेल्या शर्टाची शिलाई तिला दिसली नव्हती, आणि गिऱ्हाइकांसमोर ती स्वतःला कारागीर म्हणवायची. याची तिला लाज वाटली, आणि ती लाज तिच्या इतर सगळ्या लाजांपेक्षा वेगळी होती, जरा बरी होती.

ती परत येऊन बसली. वीस मिनिटं उरली होती. भात निवला होता.

एक्स्प्रेस हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही खाऊ नका हं. तुम्ही खाल्लंत तर मलाही खावं लागेल."

मॅनेजरसाहेबांना हसू आवरलं नाही. सिस्टरने हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

टेलरबाईने चमचा उचलला. सात आठवडे ती जे खात होती ते काही बदलत नाही या समजुतीवर खात होती. आता ती समजूत नव्हती. भाताचा हा घास तिच्या अंगावर चढणार होता आणि तिला ते माहीत होतं. तिने तो गिळला. डोळ्यांत पाणी आलं, दुसरा घ्यायला दोन मिनिटं लागली. समोर एक्स्प्रेसने पाव परत उचलला आणि रागाने चावला. चाळीस मिनिटं संपली तेव्हा टेलरबाईचं ताट अर्धं झालं होतं. सिस्टरने ते तसंच उचललं आणि वहीत तसंच लिहिलं.

तीन वाजता तिने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं, बटणाचंही. न सांगता चाललं असतं, अर्ध्या ताटाला पोटदुखी हे कारण पुरलं असतं. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, आणि तो तिच्यात नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "सोमवारी नाही पाठवता येणार. अर्धं ताट राहिलं म्हणून नाही. रोज सकाळी शर्टाला विचारून ठरवत होतात म्हणून. आता शर्टाशिवाय खायला शिकायचंय. आणखी चार आठवडे तरी."

"माझं मशीन जाईल."

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाईट वाटतंय मला."

निदान खोटा धीर तरी दिला नाही, हे टेलरबाईला बरं वाटलं.

साडेचारला ती दुकानात गेली. मालकाला जे सांगायचं ते दोन वाक्यांत सांगितलं. त्याने मान हलवली, सोमवारी येणारी बाई नीट काम करते म्हणाला, आणि पडद्याआड निघून गेला. तिच्या मशीनपुढच्या स्टुलावर कुणीतरी आधीच आपली उशी आणून ठेवली होती. ती बघून तिला रडू आलं आणि ते तिने गिळलं नाही, तिथेच रुमाल काढून रडून घेतलं. मास्तर कापड कापत राहिले. तिचं आटोपल्यावर त्यांनी कात्री ठेवली.

"कळलं म्हणे."

"काखेखाली उसवला."

"माझी शिलाई उसवत नाही."

"खिडकीची कडी होती."

"मग ठीक आहे," मास्तर म्हणाले.

"मला विचारायला हवं होतं तुम्ही."

"हवं होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही. चुकलंच ते."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "त्या शर्टात आता कापड नाही."

"पाहिलं मी."

दुकानात माप घ्यायची एक पद्धत होती. मास्तर टेप लावत आणि आकडा खणखणीत आवाजात सांगत, आणि दुसरं कुणीतरी वहीत उतरवून घेई. बाया लाजायच्या, कुणी कुणी पोट आत ओढायच्या, मास्तरांवर ढिम्म परिणाम व्हायचा नाही. एकोणीस वर्षं ते आकडे टेलरबाईनेच उतरवले होते.

तिने वही उचलली आणि मास्तरांसमोर ठेवली. "आज तुम्हीच लिहा. आणि मोठ्याने बोलू नका."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात बाजूंना उचलून धरले. टेप पाठीवरून फिरला, खांद्यावरून, कमरेभोवती. हात खाली आणावेत आणि घरी पळावं असं तिला दोनदा वाटलं. मास्तर गप्प होते. प्रत्येक मापाला मागे पेन्सिलीचा आवाज यायचा, मग परत टेप.

शेवटी टेप गुंडाळल्याचा आवाज आला. मास्तर घुटमळले. मग त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात तेच विचारलं.

"थोडा सैल ठेवू?"

टेलरबाईचे हात अजून वरच होते, आणि ते फार दुखत होते.

"ठेवा," ती म्हणाली.