टोपी काढून धुतलेला रेग्युलेटर

जावई स्वभावाने मदतखोर होता. ही खोड लग्नाआधी कळत नाही.

त्या सकाळी तो आपला रेग्युलेटर घेऊन सासरेबुवांच्या वर्कशॉपमध्ये आला. टाकीतल्या हवेचा दाब उतरवून ती पाणबुड्याच्या तोंडाशी बेताने पोचवणारं हे यंत्र. सासरेबुवांचं आयुष्य ही यंत्रं खोलण्यात गेलं होतं. माणसं खोलायचा त्यांना कंटाळा.

"श्वास जरा ओढून घ्यावा लागतो, बाबा."

सासरेबुवांनी टाकीवर बसणारा भाग उघडला. हवा आत शिरते तिथे धातूची बारीक गाळणी असते. ती हिरवीगार झाली होती. आतला मुलामा सुटून पितळ उघडं पडलं होतं आणि त्यावर कळंक चढला होता.

"जावईबापू, हा धुता कसा?"

"मनापासून! बादलीत रात्रभर भिजवून."

"ही टोपी लावून ना?" त्यांनी हवेच्या तोंडावरच्या टोपीवर बोट ठेवलं.

"छे! टोपी काढून. वरवर धुवून काय उपयोग? आत मीठ राहील ना."

"आत मीठ नव्हतंच. बाहेरचं मीठ बादलीत उतरलं, आणि ते पाणी तुम्ही आत नेऊन घातलंत." सासरेबुवांनी चष्मा काढला. "पोरीचा रेग्युलेटर कोण धुतं?"

"मीच. तिला वेळ कुठे असतो?" जावई अभिमानाने म्हणाला. मग त्याचा चेहरा हळूहळू गाळणीच्या रंगाचा होऊ लागला.

त्याची बायको सकाळीच धक्क्यावर गेली होती. बुडालेली नाव तपासायला तिला पाण्यात उतरायचं होतं. इथे ओढून मिळणारा श्वास खोल पाण्यात ओढूनही मिळत नाही, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती. तिचा फोन नुसता वाजत राहिला.

जावयाने स्कूटर काढली. सासरेबुवा मागे बसले.

"थांबलात कशाला?"

"सिग्नल लाल आहे, बाबा."

"आज नियम आठवले होय? टोपी काढताना कुठे गेले होते?"

जावयाने आयुष्यात पहिल्यांदा सिग्नल तोडला.

धक्क्यावर ती डायव्हिंगचा सूट घालून बिस्किट खात बसली होती. जावयाने आधी तिच्या केसांकडे बघितलं. कोरडे होते.

"उतरली नाहीस?" सासरेबुवांनी विचारलं.

"कशी उतरणार? आधी टाकीचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत श्वास घेऊन पाहिला. दर श्वासाला काटा लोळण घेतोय. गाळणी चोंदलीय कुठेतरी. पण तुम्ही दोघं इथे कसे?"

"सहज," म्हणत सासरेबुवा ओल्या दोरखंडावरच बसले. वर्कशॉप उघडं टाकून ते सहज कुठेही गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

जावयाने बादलीपासून सगळं सांगून टाकलं. रात्रभर भिजवल्याचंसुद्धा.

मग ती सुरू झाली. त्याची अक्कल, त्याची हौस, त्याची बादली, आणि टोपी काय शोभेला दिलीय का, असं सगळं एका दमात. नावाडी कामं सोडून ऐकायला जमले. जावई मान खाली घालून उभा होता, पण चेहऱ्यावर गाणं ऐकणाऱ्याचं समाधान होतं.

"बाबा, बघा ना, हसतोय हा!"

"ओरड पोरी," सासरेबुवांनी उरलेलं बिस्किट उचललं. "श्वास मस्त चालू आहे तुझा."