माझ्या तोंडात बोळा कोंबला तेव्हा

मी किटली बोलतेय. नळी तुटलेली, झाकण हरवलेलं, तोंड मात्र शाबूत. नाकं मुरडू नका. चांदीची असते तर कपाटात बसले असते, आणि मग सांगण्यासारखं माझ्याकडे काय असतं? डोंबल!

जन्म मुंबईच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातली फक्त ठोकाठोक आठवते. शुद्धीवर आले ती वैशाखरे गावात, घाटरस्त्यावरच्या रघूच्या टपरीत. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलेलं. रघू तीच पत्ती पुन्हापुन्हा उकळायचा आणि गाडीवानांपुढे कप आदळून म्हणायचा, "घ्या, पेशल!" एका गाडीवानाने "कसलं पेशल?" असं विचारलं, तेव्हा रघूने मला त्याच्या डोक्यात घातलं. डोकं टिकलं, माझी नळी गेली. रघूने मला रस्त्याकडेला भिरकावलं. माणसांची रीतच ती. भांडण त्यांचं, मोडतोड आमची.

मला उचललं गोदीने. ही ठाकरवाडीची. सिद्धगडाच्या पायथ्याशी बारकू पाटलाचं भात राखायला होती. राखण नीट झाली तर घरात भात यायचं, नाहीतर पोर पाठीशी बांधून वीटभट्टी गाठायची. आदल्या साली भट्टीच्या धुरात तिची यमू खोकून खोकून निळी पडली होती. "पुन्यांदा भट्टी नाय," एवढं एकच गोदीने मनात धरलं होतं.

सासू ठकू म्हणायची, "फिरत ऱ्हा गो चारी बांध. आमी तसंच राखलं."

"मी हिकडं असले का वानर तिकडं. आणि टोपल्या कोण इणंल, तुजा बाप? काय झालं का, काय झालं का करत मी कशाला फिरू? झालं का त्यानंच मला सांगावं."

मग तिने माझ्या पोटात खडे भरले, मला शेतातल्या राखणीच्या माळ्याच्या खांबाला टांगलं आणि माझ्यापासून वाखाच्या दोऱ्या ताणल्या. एक रानाकडे, एक ओढ्याकडे, एक यमूच्या झोळीला. प्रत्येक दोरीची एक काडी खांबाच्या खाचेत. दोरी हलली की काडी पडे आणि मी बोंब मारी. मला काय कळतंय कोण आलंय? मी आपली खडखडायची. कुठे धावायचं ते पडलेली काडी सांगायची. रानाची पडली तर गोफण, ओढ्याची पडली तर काठी, झोळीची पडली तर दूध.

पण गोदी तशीच उठून पळत नसे. टोपलीची जी पट्टी हातात असेल तिच्यावर आधी कोयता ठेवायची, म्हणजे परतल्यावर तिथूनच पुढे. सुरुवातीला हे सुचलं नव्हतं तेव्हा एक टोपली अशी वाकडी झाली की ठकूने ती कोंबडीला दिली, आणि कोंबडीही आत जाईना. शिवाय गोदी आधी फक्त हाकलून यायची. मोडलेलं कुंपण नंतर, सवडीने. नाहीतर कुंपण बांधत बसली तर दुसऱ्या टोकाला वानरांच्या जेवणावळी उठायच्या.

टोपलीचा काठ आवळताना मात्र ती माझ्या पोटावर पाय दाबून धरायची. तेव्हा हात सोडला तर सगळं विणकाम उसळून सुटायचं. मी गप्प राहायची, पण काडी पडायची ती पडायचीच. काठ बसला की गोदी पाय काढून आधी काड्या बघायची. माझं तोंड धरायचा हक्क तिचा, कारण कधी सोडायचं ते तिला ठाऊक होतं.

आश्विनात भात पिकलं तसा बारकू पाटील आला. माळ्यावर बसून टोपली विणणारी गोदी बघून त्याचं पित्त खवळलं.

"राखान करतंस का तमाशा? ऊठ, बांधावरना फीर!"

"पाटील, किटली हाय ना..."

"किटली राखनार माजं भात? ऊठ! मी बसतंय हितं."

गोदी फिरायला गेली. पाटील आडवा झाला. वाऱ्याने मी जरा खडखडले, तर त्याने पेंढ्याचा बोळा करून माझ्या तोंडात कोंबला, दोन्ही हातांनी माझं पोट दाबून बघितलं, आणि घोरायला लागला.

रानाची काडी पडली. वानरं उतरली. गोदी नेमकी पलीकडच्या बांधाला. ओढ्याची काडी पडली. म्हशी शिरल्या. मी आतल्या आत थरथरत होते, पण बोळ्यातून आवाज फुटेना. मग झोळीची काडी पडली.

यमूच्या तोंडात मात्र पाटलाने बोळा कोंबला नव्हता. तिने असा भोंगा काढला की पाटील धडपडत उठला आणि पार पलीकडून गोदी भातातून धावत आली. समोर म्हशी शेत तुडवताना दिसत होत्या, तरी ती आधी झोळीकडे गेली.

"आगो, म्हशी! म्हशी बग आदी!" पाटील किंचाळला.

"आदी माजी पोर. म्हशी तुमच्याच हायत. वळखत नाय? जावा, हाकला."

पाटील धोतर सावरत चिखलात उतरला. घरच्याच म्हशी, पण त्याला बघून आणखी आत शिरल्या. परतला तो गुडघ्यापर्यंत काळा.

"राखान सोड! भट्टीवर जा उद्या!"

गोदीने यमूला कडेवर घट्ट धरलं. वाकून तिन्ही काड्या उचलल्या नि त्याच्यापुढे धरल्या. "ह्या पडल्यावत्या, तुमच्या डोक्याशी. किटलीचं तोंड कुनी कोंबलं? चला गावात, चावडीवर इचारू."

भाकर घेऊन आलेली ठकू बांधावरूनच म्हणाली, "चला पाटील. म्हशी पन संगती घ्या, साक्षीला."

पाटील चावडीवर गेला नाही. स्वतःच्या म्हशींनी स्वतःचं भात, स्वतःच्या उशाशी खाल्लं, हे कोण सांगणार? पाय धुवायलाही न थांबता तो निघून गेला. कापणी झाली, ठरलेलं भात गोदीला मिळालं, आणि त्या साली यमू भट्टीवर गेली नाही.

आता यमूचेच केस पिकलेत. मी तिच्या वळचणीला लटकतेय, पोटात खडे नाहीत. उभा जन्म दुसऱ्यांना हातातलं काम सोडायला लावलं, म्हणून माझं मागणं ऐकून तुम्ही हसाल. हसा, पण हळू. माझ्या पोटात चिमणी अंडी उबवतेय. मला धक्का लावू नका, आणि शिंक आलीच तर लांब ओढ्यावर जाऊन शिंका.