नेगेल्यांचं बक्षीसपत्र

ऑयगेन नेगेलेने आयुष्यात दोनच गोष्टी फुकट वाटल्या होत्या, सल्ला आणि सर्दी. त्यामुळे अंड्याच्या शेवयांचा आपला कारखाना तो जिवंतपणीच मुलाच्या नावावर करतोय, हे त्या जर्मन गावात कळलं तेव्हा जो तो त्याच्या बायकोला, रोसविताला, गाठून एकच विचारू लागला, "डॉक्टर काय म्हणाले?"

डॉक्टरांचा काही संबंध नव्हता. संबंध होता कर सल्लागाराचा. त्याने बजावलं होतं, कारखाना मरणानंतर गेला तर वारसांचे हिस्से, कज्जे, कर, सगळंच दारात उभं राहील. आज दिला आणि मुलाने पाच वर्षं नीट चालवला, तर सरकारच्या हाती फारसं काही लागणार नाही. गार हातापेक्षा उबदार हाताने द्यावं, असं तिथली जुनी माणसंही म्हणतात. सरकारच्या हाती काही लागणार नाही, एवढ्या एका वाक्यावर ऑयगेनचा हात उबदार झाला.

रोसविताने चाळीस वर्षं सकाळी शेवया भरल्या होत्या आणि संध्याकाळी बिलं. पगारपत्रकावर तिचं नाव एकदाही लागलं नाही. घरच्या माणसाला कुठे पगार असतो? आणि पगार नाही म्हणजे पेन्शनही नाही. लग्नाआधी कापडाच्या दुकानात उभी राहिली होती, तेवढ्याचं काय ते यायचं. त्यात केस कापून व्हायचे, आणि बऱ्या महिन्यात वर एक केक. आपलं म्हातारपण नवऱ्याच्या जिवावर आहे हे तिला माहीत होतं. ते किती शब्दशः खरं आहे, याचा मात्र तिने कधी हिशोब केला नव्हता.

नोटरीच्या कचेरीत चौघं निघाली. ऑयगेन देणार, मुलगा स्टेफेन घेणार. रोसविताने फक्त "हरकत नाही" एवढी सही करायची होती. तशी चाळीस वर्षं ती तेच करत आली होती, सही तेवढी नवीन. चौथी सून, ताबेआ. तिनेही सही करायची होती, घटस्फोट झाला तर कारखान्यावर हक्क सांगणार नाही म्हणून. थोडक्यात, दोघी बायका काही मिळणार नाही यावर सह्या करायला चांगले कपडे घालून निघाल्या होत्या.

दोघींचं सूत फारसं जुळलेलं नव्हतं. ताबेआने येताच हिशेबाच्या पावत्या भरलेले बुटांचे खोके फेकून कॉम्प्युटर आणला. रोसविताने त्याचं उट्टं जिन्यावर काढलं. खाली सासू, वर सून, जिना मधला. एक आठवडा हिने झाडायचा, एक आठवडा तिने, आणि आपला आठवडा संपला की 'पाळी' लिहिलेली लाकडी पाटी दुसरीच्या दारावर लटकवायची. ताबेआ झाडून गेली की रोसविता चष्मा लावून मागोमाग जायची. "रेडिएटरखालचा कोपरा कोणासाठी ठेवलास? पुढच्या पिढीसाठी?"

नोटरी रायफ हडकुळा, सभ्य माणूस होता. खत शब्दन् शब्द मोठ्याने वाचून दाखवायचं, असा तिकडचा कायदाच आहे. तो स्टेशनवरच्या घोषणेसारखा एका सुरात वाचत होता. ऑयगेन खुर्चीत रेलून तृप्त मुद्रेने ऐकत होता, कारण मसुदा त्याच्या डोक्यातून निघाला होता. वडिलांनी त्याला कारखाना दिला तेव्हाचं जुनं खत त्याने नोटरीपुढे टाकलं होतं. "नावं बदला, आकडे बदला, बाकी हेच. नवीन विचार करायचे पैसे मी देणार नाही."

"देणाऱ्यास तळमजल्यावरील घरात तहहयात राहता येईल," रायफ वाचत होता. "घेणारा देणाऱ्यास त्याच्या मृत्यूपर्यंत दरमहा दोन हजार युरो देईल. देणाऱ्याच्या मृत्यूनंतर ही जबाबदारी संपेल."

रोसविता खिडकीबाहेर बघत होती. वाक्य तिच्या कानांवरून गेलं आणि मग परत आलं. संपेल. ऑयगेनला दोन स्टेंट होते आणि लोण्याचा हात सैल होता. तिची आई ब्याण्णव वर्षं जगली होती. घर त्याचं, पैसे त्याचे, आणि तो गेला की दोन्ही गेले. बोलावं असं तिला वाटलं. पण अशा खोलीत नेगेल्यांपैकी कोणी कधी मध्येच बोललेलं नव्हतं, आणि स्वतःसाठी मागायचं तर वाक्याची सुरुवात कुठून करतात तेच तिला ठाऊक नव्हतं.

"थांबा," ताबेआ म्हणाली. "आणि बाबांनंतर रोसवितांचं काय?"

रायफने पेन्सिल खाली ठेवली. त्याला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. "हे मी शेवटी विचारणारच होतो, धाकट्या नेगेलेबाई. या खतात त्यांच्यासाठी काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?" ऑयगेन उसळला. "माझं ते तिचं. वडिलांच्या खतात हेच होतं."

"तुमचे वडील विधुर होते, नेगेलेसाहेब."

हे ऑयगेनला माहीत नव्हतं असं नाही. आईला मातीत ठेवलं तेव्हा तो तिथेच होता.

"स्टेफेन आईला वाऱ्यावर सोडणार आहे का?" तो जरा खालच्या आवाजात म्हणाला.

"स्टेफेन नाही सोडणार," ताबेआ म्हणाली. "पण स्टेफेन मोटरसायकल चालवतो. उद्या त्याचं काही झालं, कारखाना विकला गेला, तर नवा मालक काय यांना आई म्हणणार आहे? घरात राहायचा हक्क दोघांच्या नावे लिहा. आणि बाबा गेले तरी पैसे यांना तेवढेच."

"तेवढेच? एकटं माणूस कमी खातं."

"हीटर कमी जळत नाही."

"अगं, पण हे पैसे भरणार तुम्हीच," ऑयगेन म्हणाला. सुनेला बेरीज येत नसावी, अशी त्याला मनापासून शंका आली.

"हिशोब मीच बघते, बाबा. परवडतं. चाळीस वर्षांचा पगार हप्त्याने द्यायचा म्हटलं तर स्वस्तच पडतं." मग ती रायफकडे वळली. "माझ्या कलमाला माझी हरकत नाही. पण सही हे बदलल्यावर करीन."

स्टेफेनचे कान शेवयांच्या पिठात बीट पडावं तसे लाल झाले होते. "लिहा," तो म्हणाला. "मला सुचायला हवं होतं, आई."

ऑयगेनने शेवटची खिंड लढवली. "पान वाढलं की तुमची फी वाढणार."

"फी कारखान्याच्या किमतीवर असते. तुम्ही कादंबरी लिहवून घेतली असतीत तरी तेवढीच पडली असती."

हे ऐकून ऑयगेनला खरं दुःख झालं. काटकसर करून खत आखूड ठेवलं, ते सगळं वाया गेलं होतं. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "लिहा. तिला आधी लिहा, मला मग."

दुरुस्ती झाली. रायफने कायद्याप्रमाणे तेवढा भाग पुन्हा वाचला. "ऑयगेन नेगेले आणि त्यांची पत्नी रोसविता नेगेले, माहेरच्या त्सायर, या दोघांना, आणि दोघांपैकी मागे राहील त्यास..." क्रम नोटरीने आपलाच ठेवला होता. रोसविताला त्याचं काही नव्हतं. आपलं माहेरचं नाव इतक्या मोठ्याने उच्चारलेलं तिने लग्नाच्या दिवसानंतर ऐकलं नव्हतं. तिने सही केली.

परतताना गाडीत तिने आभार मानले नाहीत. आभार हा शब्द त्या भागात लग्नात आणि मयताला काढतात. एरवी कोणी शिव्या घातल्या नाहीत की ती शाबासकी समजायची. ताबेआनेही वाट पाहिली नाही. ती शनिवारच्या अंड्यांची ऑर्डर फोनवर देत होती.

संध्याकाळी जिन्यात खरखर ऐकून ताबेआने दार उघडलं. दारावरची पाटी गायब होती. खाली डोकावून पाहिलं तर ती रोसविताच्या दारावर लटकत होती, आणि रोसविता चांगल्या कपड्यांवरच ॲप्रन बांधून पायऱ्या झाडत होती.

"अहो, पाळी माझी आहे."

"पाटी काय म्हणते ते बघ," रोसविता मान वर न करता म्हणाली.

ताबेआ कठड्याला टेकली. मग म्हणाली, "रेडिएटरखालचा कोपरा राहिला."

रोसविताने वर पाहिलं. मग कठड्याला धरून, गुडघे कुरकुरत असतानाही, ती खाली बसली आणि तो कोपरा झाडू लागली.